बोटभर सैल

'घट्ट' हा शब्द आपल्या बोलण्यात बहुतेक वेळा चांगल्या अर्थाने येतो. मैत्री घट्ट असावी, विणकाम घट्ट असावे, गाठ घट्ट बसावी. उलट 'सैल' म्हटले की सैल जीभ आठवते, सैल कारभार आठवतो. कन्नडात 'बिगि' आणि 'सडिल' अशी जोडी आहे, आणि तिथेही पहिल्या शब्दाकडे आदराने व दुसऱ्याकडे जरा संशयाने पाहिले जाते. दोन्ही भाषा रोज कानांवर पडत असल्यामुळे माझी अशी पक्की समजूत झाली होती की, घट्टपणा हा गुण आणि सैलपणा हा दोष. ही समजूत कोणा तत्त्वज्ञाने नव्हे, तर मोटारसायकलच्या एका पट्ट्याने सुधारली. गेल्या मे महिन्यात, ग्वाल्हेरला.

ग्वाल्हेरला माझी आत्या असते. गोवा एक्स्प्रेस बेळगाव सोडते, मिरज, पुणे, मनमाड, भोपाळ, झाशी करीत ग्वाल्हेरला पोहोचते. गाडी बदलावी लागत नाही, फक्त बाहेरची भाषा बदलत जाते. आत्याचे घर लष्कर भागात आहे. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला आपली छावणी कायमची वसवली, म्हणून त्या वस्तीचे नाव लष्कर पडले. तिथल्या जुन्या मराठी घरांतून आजही देवघरात आणि स्वयंपाकघरात मराठी असते आणि उंबरठा ओलांडला की हिंदी. आपल्याकडे जशी घरात मराठी आणि बाजारात कन्नड, तसेच. त्यामुळे मला तिथे परके वाटले नाही.

परके वाटले ते वेगळ्याच कारणाने. घरात दोन माणसे एकमेकांशी कामापुरतेच बोलत होती. आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मामा म्हणतो, आणि त्यांचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, दादा. कारण होते अंगणात उभी असलेली विजेवर चालणारी मोटारसायकल.

ग्वाल्हेरचा व्यापार मेळा प्रसिद्ध आहे. १९०५ साली माधवराव शिंद्यांच्या काळात तो गुरांचा बाजार म्हणून सुरू झाला आणि आज तिथे मोटारी आणि मोटारसायकली विकल्या जातात. मेळ्यात घेतलेल्या गाडीवर रस्ता-करात निम्मी सूट अनेक वर्षे मिळत आली आहे, म्हणून लोक गाडी घेण्यासाठी मेळ्याची वाट पाहतात. दादाने मेळ्यातच कर्ज काढून ही गाडी घेतली. त्याची नोकरी मालनपूरच्या औद्योगिक वसाहतीत आहे. भिंडच्या रस्त्याने वीसेक किलोमीटर जाणे आणि तेवढेच येणे, आठवड्याआड रात्रपाळी. पेट्रोलचा खर्च वाचेल असा त्याचा हिशेब होता. मामांचे मत असे की, ज्या यंत्राचा आवाज येत नाही त्याचा आजार कळत नाही, आणि कर्ज काढून असले यंत्र घेऊ नये. दादाने ऐकले नाही. तेव्हापासून मामांनी त्या गाडीला हात लावला नव्हता.

मी गेले त्याच आठवड्यात गाडीला आवाज यायला लागला. वेग वाढला की बारीक कण्हल्यासारखा सूर निघे आणि वेगाबरोबर चढत जाई. मागच्या चाकापाशी डाव्या बाजूला काळी भुकटी साचत होती. दादा म्हणाला, "काही नाही, नवीन आहे, बसेल." मामा पेपरातून डोके वर न काढता म्हणाले, "नवीन होती तेव्हा नव्हता येत." एवढेच त्यांचे त्या दिवशीचे बोलणे.

या गाडीला चेन नाही, पट्टा आहे, हे इथे सांगायला हवे. आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक मोटारसायकली चेनवर चालतात. आजची रोलर चेन १८८० साली मँचेस्टरला हान्स रेनॉल्ड याने सिद्ध केली. गंमत म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कित्येक मोटारसायकली चामड्याच्या पट्ट्यावर धावत. पावसात पट्टा भिजला की घसरे, चढावर ताण आला की घसरे, म्हणून चेनने त्याला हटवले. पट्टा परत आला तो दाते घेऊन. रबरासारख्या द्रव्याच्या पोटात मजबूत तंतू घालून आतल्या अंगाला दाते पाडलेला हा पट्टा चाकाच्या दात्यांत बसतो, त्यामुळे घसरत नाही. १९६५ साली स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी केव्हलारचा शोध लावला; त्या जातीचे तंतू अशा पट्ट्यांना बळ देऊ लागले. १९८० साली हार्ले-डेव्हिडसनने स्टर्जिस नावाची मोटारसायकल पट्ट्यावर आणली. भारतात २०१९ साली रिव्होल्टची आरव्ही ४०० आली, तिलाही पट्टाच आहे. तेल नको, आवाज कमी, कपड्यांना डाग नाहीत.

चेन आणि पट्टा यांत एक मोठा फरक आहे आणि तो वाणिज्याच्या विद्यार्थ्याला चटकन समजण्यासारखा आहे. 'घसारा' हा शब्द आपण जमाखर्चात शिकतो. यंत्राची किंमत दरवर्षी कमी करत न्यायची, स्थिर हप्ता पद्धतीने किंवा ऱ्हासमान शेष पद्धतीने. पण हा शब्द मुळात झिजण्याचा आहे, हे वर्गात कधी मनात आले नव्हते. चेन 'लांबते' म्हणतात, ती ताणून लांबत नाही. तिच्या प्रत्येक सांध्यातली पिन झिजते. शंभर सांधे असतील आणि प्रत्येक सांधा दशांश मिलिमीटर झिजला, तर चेन दहा मिलिमीटर लांब होते. हा खरा घसारा, कुठल्याही पद्धतीने न लिहिता आपोआप लिहिला जाणारा. पट्ट्याला सांधे नाहीत आणि आतले तंतू सहसा लांबत नाहीत. म्हणून त्याचा ताण वरचेवर बदलत नाही. बदलला, तर कोणीतरी चाक काढून पुन्हा बसवले असण्याचा संभव अधिक.

मामांनी हेच विचारले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा पाळीवर जायच्या तयारीत असताना त्यांनी एकदम प्रश्न टाकला, "मागचं चाक कधी काढलं होतं?" दादा म्हणाला, मागच्या महिन्यात पंक्चर झाले होते, रस्त्यावरच्या एका दुकानात काढले. "त्याने पट्टा कसा बसवला?" "चांगला घट्ट बसवलाय. म्हणाला, अब ढीला नहीं होगा." मामांनी पेपर घडी करून ठेवला.

मामा तरुणपणी एका गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी लहानमोठी कामे करून संसार केला. गिरणीतल्या यंत्रांचे पट्टे त्यांनी वर्षानुवर्षे चढवले होते. आम्ही मुले त्यांना 'पट्टेवाले मामा' म्हणून चिडवत असू आणि ते हसून सांगत, "पट्टेवाला कचेरीत असतो, मी फिटर होतो." त्या संध्याकाळी ते म्हणाले, "ढिला पट्टा ओरडून सांगतो. घट्ट पट्टा मुकाट्याने बेअरिंग खातो. आज गाडी नेऊ नकोस." दादा बसने गेला. माझ्या आठवणीत त्याने वडिलांचे लगेच ऐकल्याचा तो पहिला प्रसंग होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला आम्ही काम काढले. पहाटेच का, तर पट्टा आणि गाडी थंड हवी. मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. धावून आलेली गाडी तापलेली असते, धातू फुगलेला असतो आणि तेव्हा घेतलेले माप खरे नसते. मामांचे गुडघे दुखतात, त्यांना खाली बसता येत नाही. ते स्टुलावर बसले, पाना माझ्या हातात आला, गाडीची माहितीपुस्तिका त्यांच्या.

पहिली आज्ञा झाली, "किल्ली काढून माझ्या खिशात दे." विजेची गाडी चालू आहे की बंद, हे आवाजावरून कळत नाही. पट्ट्याजवळ बोटे असताना चुकून मूठ फिरली तर बोटे जातात. गाडी मधल्या स्टँडवर घेतली, मागचे चाक अधांतरी केले. मग चाक हाताने हळूहळू फिरवून पट्टा पाहिला. एखादा दाता तुटला आहे का, कडा उसवली आहे का, दात्यांत खडी अडकली आहे का. मालनपूरच्या रस्त्यावर ट्रक खडी उडवतात. असा एक खडा पट्टा आणि चाक यांच्यामध्ये सापडला तर पट्ट्याला भोक पाडू शकतो. सुदैवाने पट्टा शाबूत होता. परंतु तो चाकाच्या डाव्या कडेला घासत चालला होता. काळी भुकटी तिथलीच.

आता मोजमाप. पट्ट्याच्या खालच्या पदराचा मध्य काढायचा, तिथे ठरावीक जोराने दाबायचे आणि पट्टा किती मिलिमीटर हलतो ते पाहायचे. जोर किती आणि हालचाल किती, हे प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि दुसऱ्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये. हार्लेच्या गाड्यांसाठी दहा पौंडांचा, म्हणजे साधारण साडेचार किलोंचा जोर वापरतात आणि त्यासाठी स्प्रिंगचे खास साधन मिळते. आमच्याकडे ते नव्हते. मामांनी मला कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे पिटाळले आणि त्याचा हुकाचा काटा मागून आणवला. कापडी पट्टी पट्ट्याभोवती घेऊन काटा तिला अडकवला, शेजारी माझी कंपासपेटीतली पट्टी उभी धरली आणि पुस्तिकेतल्या वजनाइतके खाली ओढले. चाक थोडे फिरवून पुन्हा, असे चार ठिकाणी मोजले, कारण चाक पूर्ण गोल नसते आणि पट्टा एके जागी अधिक ताठ असतो. त्या सर्वांत ताठ जागेचे माप खरे धरायचे. आमचे माप पुस्तिकेतल्या मर्यादेच्या निम्मेदेखील भरले नाही.

"निम्मंच कमी आहे ना, त्यात काय एवढं?" असे मी म्हणाले. मामांनी मला पेपराच्या कडेवर हिशेब करायला लावला. समजा, पट्ट्याचा पदर ६०० मिलिमीटर लांब आहे आणि मध्यावर साडेचार किलोंनी ओढल्यावर तो १० मिलिमीटर खाली येतो. ढोबळ सूत्र असे, की जोराला लांबीने गुणावे आणि हालचालीच्या चौपटीने भागावे. साडेचार गुणिले सहाशे, भागिले चाळीस. पट्ट्यातला ताण साडेसदुसष्ट किलो. आता हालचाल ५ मिलिमीटर धरा. ताण एकशे पस्तीस किलो. बोटाला जाणवणारा फरक पाच मिलिमीटरांचा, पण मोटारीच्या दांड्याला आणि चाकाच्या बेअरिंगला दिवसरात्र सोसावा लागणारा भार दुप्पट. शिवाय गाडी खड्ड्यात आदळते तेव्हा मागचे चाक वरखाली होते आणि दोन चाकांतले अंतर किंचित बदलते. तेवढ्यापुरता पट्ट्याला मोकळेपणा हवाच. तो आधीच काढून घेतला असेल तर प्रत्येक खड्ड्याचा हिशेब बेअरिंग चुकते करते.

याचा अर्थ सैल पट्टा बरा, असा मुळीच नाही. पट्टा फार सैल असेल तर जोराने वेग घेताना दाते एकावर एक चढून उडी मारतात. विजेच्या बऱ्याच गाड्यांत मूठ सोडली की मोटार उलटी वीज तयार करते आणि गाडीला मागे धरते. अशा वेळी ताण वरच्या पदराकडून खालच्या पदराकडे जातो. त्या उलटसुलट ओढीत सैल पट्टा दाते गमावतो. रात्रपाळीहून परतताना, मागे ट्रक असताना हे झाले तर काय, हे मामांनी बोलून दाखवले नाही. पण त्यांनी हिशेबाचा कागद माझ्याकडून घेऊन खिशात ठेवला.

दुरुस्ती समजायला सोपी आहे. मागच्या चाकाच्या दांड्याचा मोठा नट सैल केला. दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर बोल्ट मोजून सारखे उलटे फिरवले. तेवढ्याने चाक पुढे येत नाही; त्याला हाताने पुढे ढकलावे लागते. मग दोन्ही बोल्ट पाव-पाव फेऱ्याने आवळत आणले, दर वेळी चाक फिरवून पट्टा मध्यावर चालतो का ते पाहिले. डावा बोल्ट उजव्यापेक्षा अर्धा फेरा पुढे गेला होता. म्हणून चाक तिरके आणि पट्टा कडेला. दोन्हीकडच्या खुणा जुळल्या आणि पट्टा आपल्या जागी आला. माप बसल्यावर मोठा नट आवळला, तर माप पुन्हा किंचित बदलले, कारण नट आवळताना चाक जरासे सरकते. पुन्हा सैल, पुन्हा माप. तिसऱ्या खेपेला जमले. शेवटचे आवळणे मामांनी मला करू दिले नाही. ओळखीच्या गॅरेजमधून टॉर्क रेंच येईपर्यंत गाडी जागची हलवायची नाही, असा हुकूम होता. मी सवयीने तेलाची बुधली पुढे केली, तसे मामा गरजले, "चेन नाही ती! पट्ट्याला तेलाचा थेंब नको."

आत्या चहा घेऊन आली आणि बराच वेळ दारात उभी राहून पाहत होती. ती गाणे शिकवते. तिच्या खोलीतला तंबोरा मिरजेचा आहे, लग्नानंतर आजोबांनी दिलेला. ग्वाल्हेरची गायकी वासुदेवबुवा जोशींकडून शिकून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी दक्षिणेत आणली, मिरजेला आणि इचलकरंजीला शिष्य तयार केले. विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांतलेच. गाणे ग्वाल्हेरहून मिरजेला गेले आणि तंबोरा मिरजेहून ग्वाल्हेरला आला, असे आत्या म्हणते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे कात्रण तिने जपून ठेवले आहे.

ती म्हणाली, "तार चढली असेल तर आम्हीसुद्धा आधी उतरवतो, स्वराच्या खाली नेतो आणि मग खालून वर आणतो. वरून खाली आणलेली तार टिकत नाही." मोठा फरक खुंटीने, बारीक फरक मण्याने. मी विचार केला, आमचा मोठा नट, ॲडजस्टर आणि पाव फेरा यांचा याहून काय वेगळा प्रकार होता? पुढे वाचताना कळले की यंत्रशास्त्रातही पट्टा बोटाने छेडून त्याचा सूर मोजण्याची पद्धत आहे. मायक्रोफोनने कंपनसंख्या घेतात आणि तिच्यावरून ताण काढतात. तारेचा ताण चौपट केला तर स्वर दुप्पट चढतो, म्हणजे एक सप्तक वर जातो. पट्ट्यालाही तोच नियम. त्या पहाटे आम्ही पट्टा छेडला नाही, पण आत्याने वाकून आपल्या बोटाने तो दाबून पाहिला आणि म्हणाली, "आता बरा बोलेल."

दादा पाळीहून आला तेव्हा आठ वाजले होते. मामांनी त्याला स्टुलावरूनच सांगितले, "बस, एक चक्कर मारून ये. फुलबागेपर्यंत." तो परत आला. कण्हणे थांबले होते. त्याने फक्त एवढे विचारले, "बाबा, परत कधी बघायचा?" मामा म्हणाले, "पुस्तिकेत लिहिलंय तेव्हा. आणि चाक काढलं की लगेच, त्याच दिवशी." मग दोघे पुस्तिकेची पाने उलटत बसले. सहा महिन्यांत एका कागदावर दोघांची डोकी वाकलेली मी पाहिली नव्हती, असे आत्या नंतर म्हणाली. दोघांचे सगळे मिटले, असे मी लिहिणार नाही. दादाला पुण्यात नोकरी शोधायची आहे. मामांना ते नको आहे. त्यावर अजून बोलणे व्हायचे आहे. पण आता ते बोलतील, असे मला वाटते. आई-वडिलांनी मुलांना किती धरावे आणि मुलांनी किती सुटावे, याचा आकडा कुठल्याच पुस्तिकेत नाही. तिथे बोटाने दाबूनच पाहावे लागते, आणि खड्ड्यात आदळल्यावर दोघांपैकी कोणाचे काय झिजेल याचा विचार आधी करावा लागतो.

निघण्यापूर्वी मी दादाला जमाखर्चाच्या वहीसारखी एक वही आखून दिली. रकाने चार: तारीख, किलोमीटर, पट्ट्याचे माप, शेरा. पहिली नोंद माझ्या अक्षरात आहे, त्याखालची सही मामांची. माझ्या मते ही वही ताळेबंदाइतकीच खरी आहे. घसारा वर्षअखेरीस पाटीवर लिहायचा असतो तसा रोज रस्त्यावरही मोजायचा असतो.

आपल्या कॉलेजच्या स्टँडवर रोज कितीतरी मोटारसायकली उभ्या असतात. त्यांतल्या बहुतेक चेनच्या आहेत. गाडी बंद करून, किल्ली काढून, खालच्या पदराच्या मध्यावर चेन बोटाने वर उचलून पाहावी. पुष्कळ लहान गाड्यांना दोन ते तीन सेंटिमीटर हालचाल चालते. आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. मोजायला दोन मिनिटे पुरतात आणि रद्दीवाल्याचा काटाही लागत नाही. चेन तारेसारखी ताठ लागली तर "वा, घट्ट आहे" म्हणून समाधान मानू नये.